८४ नावं दगडावर, बाकीचे कुठे गेले?

"पुतळा हलवला की इतिहास पुसला जातो."

हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत, मंडळी. टपरीवर तेच, पालिकेच्या जिन्यात तेच, लग्नाच्या पंगतीतही तेच. आणि पुरावा म्हणून हमखास अमेरिका. "बघा, तिकडं यादवी युद्धातल्या सैनिकांचे पुतळे उखडून टाकले. स्वतःच्याच शूरवीरांचा अपमान केला. उद्या आपल्याकडंही हेच होणार."

बोलणाऱ्याला मी एवढंच विचारतो, कुठल्या गावातला पुतळा? कोणत्या साली बसवला? खाली कोणाची नावं होती? पुढं शांतता. व्हिडिओ पाहिलेला असतो, गाव माहीत नसतं.

म्हणून आज एकाच गावाबद्दल लिहितो. पोस्ट मोठी आहे. शिव्या घालायच्या असतील तर खुशाल घाला, फक्त शेवटपर्यंत वाचून घाला.

गावाचं नाव ईस्टन. अमेरिकेतलं मेरीलँड राज्य, त्यात टॅलबट नावाची काउंटी, म्हणजे आपल्या हिशेबानं छोटा जिल्हा म्हणा. ईस्टन हे तिथलं मुख्य ठिकाण. वस्ती साधारण १७ हजार. आपल्याकडं एवढ्या वस्तीला कोणी शहर म्हणणार नाही. पण तिथं कोर्ट आहे, कोर्टापुढं हिरवळ आहे, आणि त्या हिरवळीवर १९१६ सालापासून एक पुतळा उभा होता. हातात झेंडा घेतलेला कोवळा पोरगा. खाली अक्षरं, "टॅलबट बॉईज". टॅलबटची पोरं. आणि ८४ नावं.

ऐकायला किती गोड वाटतं. आपल्या गावची पोरं, लढाईला गेली, गावानं आठवण ठेवली. यात वाईट काय?

झेंडा बघा. तो अमेरिकेचा झेंडा नव्हता. अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या फौजेचा होता.

ज्यांना हे युद्ध माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिंकन निवडून आल्यावर दक्षिणेतली गुलामी पाळणारी राज्यं १८६०-६१ मध्ये एकेक करून देशातून बाहेर पडली. कशासाठी, तर गुलामी टिकावी यासाठी. हे माझं मत नाही. बाहेर पडताना त्यांच्यातल्या काही राज्यांनी स्वतःच्या जाहीरनाम्यात हे कारण लिहून ठेवलंय. १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं युद्ध चाललं. सहा लाखांवर माणसं गेली. शेवटी फुटलेली बाजू हरली आणि गुलामी संपली.

आता मेरीलँडची गंमत ऐका. या राज्यात गुलामी होती, पण हे राज्य फुटलं नाही. लिंकनच्या बाजूला राहिलं. म्हणजे ती ८४ माणसं आपल्या राज्याच्या हाकेला ओ देऊन गेली नव्हती. आपलं राज्य ज्या बाजूला होतं त्याच्या विरुद्ध बाजूला ती स्वतःहून जाऊन मिळाली. आणि गावाच्या कोर्टासमोर पुतळा कोणाचा? त्यांचा.

मग त्याच टॅलबटमधून देशाच्या बाजूनं लढायला गेले त्यांचं काय? ते किती होते? तीनशेहून जास्त. त्यात गोरे होते, काळे होते. त्यांच्या नावाचा दगड त्या हिरवळीवर? नव्हता.

हे वाचून थोडं थांबा. ८४ जणांना पुतळा, तीनशेला काही नाही. पुतळा हलवल्यावर ज्यांना इतिहासाची काळजी वाटली, त्यांना शंभर वर्षांत या तीनशेंची काळजी किती वाटली होती? इतिहास पुसायचं काम १९१६ सालीच झालं होतं. फक्त ते छिन्नी-हातोड्यानं झालं, म्हणून त्याला स्मारक म्हणायचं.

त्या तीनशेतल्या काळ्या सैनिकांचं बघा. संपूर्ण युद्धात देशाच्या फौजेत साधारण १ लाख ७९ हजार काळे सैनिक होते. त्यातले सुमारे ४० हजार मेले, बरेचसे रोगराईनं. मेरीलँडमधून काळ्या सैनिकांच्या सहा पायदळ पलटणी उभ्या राहिल्या. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर पगार. काळ्याला १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापायचे, हातात ७. १८६४ च्या जूनमध्ये कायदा झाला तेव्हा कुठं पगार सारखा झाला. आणि मेरीलँडमधला गुलाम फौजेत गेला तर सरकार त्याच्या मालकाला ३०० डॉलरपर्यंत भरपाई देणार, अशी सोय होती. जीव द्यायला निघाला हा, पैसे मिळणार मालकाला.

असे १८ जण लढाईहून टॅलबटला परत आले. एका क्वेकर शेतकऱ्यानं त्यांना नाममात्र भाड्यानं जमीन दिली. तिथं त्यांनी वस्ती केली. तिचं नाव युनियनव्हिल. ज्या बाजूनं लढले तिचंच नाव गावाला दिलं. चर्च बांधलं. आज त्या चर्चच्या आवारात त्या अठराही जणांच्या कबरी आहेत. ईस्टनच्या कोर्टापासून हे ठिकाण काही मैलांवर आहे. हे अठरा जण टॅलबटचीच पोरं होते ना? मग "टॅलबट बॉईज" या दोन शब्दांत ते का बसले नाहीत?

कारण ते शब्दच त्यांना बाहेर ठेवण्यासाठी लिहिले होते.

आता तारखेकडं या. युद्ध संपलं १८६५ ला. पुतळा उभा राहिला १९१६ ला. ५१ वर्षांनी. पोर गेलेली आई ५१ वर्षं वाट बघत नाही. ती कबरीवर दिवा लावते, तो लगेच लावते. मग १९१६ चं कारण काय? त्या वेळी तिथं काय चालू होतं ते बघा. १८९६ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेचे डबे गोऱ्यांचे वेगळे, काळ्यांचे वेगळे, हे कायदेशीर ठरवलं. त्यानंतर शाळा, गाड्या, पाणी प्यायचे नळ, सगळं वाटून झालं. दक्षिणेत काळ्यांचा मताचा हक्क नाना युक्त्यांनी काढून घेतला. साधारण १८९० ते १९२० या काळातच असे पुतळे गावोगाव, आणि मुद्दाम कोर्टांसमोर, धडाधड उभे राहिले. हा योगायोग नाही. युद्धात हरलेली बाजू आता गावात जिंकली होती, आणि ते सगळ्यांना दिसावं अशी तिची इच्छा होती.

जागा बघा, जागा. स्मशानात नाही, रणांगणावर नाही, कोणाच्या अंगणात नाही. कोर्टाच्या दारात. न्याय मागायला येणारा काळा माणूस आधी त्या झेंड्याखालून जाणार, मग न्यायाधीशासमोर उभा राहणार. मी इतकी वर्षं कोर्टाच्या बातम्या करतोय. आपल्या कोर्टाच्या आवारात पायरी चढणाऱ्या माणसाचा चेहरा मला माहीत आहे. तो भिंतीवरची प्रत्येक गोष्ट वाचत असतो. हे दार आपलं आहे की नाही, हे तो तिथंच ठरवतो.

आणि हे कोर्ट साधं नव्हे. गुलामीविरुद्धचा सगळ्यात मोठा आवाज, फ्रेडरिक डग्लस, हा याच टॅलबट काउंटीत १८१८ मध्ये गुलाम म्हणून जन्मला. १८३६ मध्ये पळून जायचा बेत उघडा पडला म्हणून त्याला याच ईस्टनच्या तुरुंगात डांबलं. नंतर तो निसटला, लिहिता झाला, लिंकनला भेटला, आणि १८७८ मध्ये परत येऊन याच कोर्टात त्यानं व्याख्यान दिलं. अशा माणसाचा पुतळा कोर्टासमोर कधी बसला? २०११ मध्ये. म्हणजे ९५ वर्षं त्या हिरवळीवर गुलामीच्या बाजूचा झेंडा होता आणि गुलामी मोडणारा भूमिपुत्र नव्हता. डग्लसचा पुतळा बसवायचं ठरलं तेव्हा काहींनी आक्षेप काय घेतला? ही जागा लढलेल्यांसाठी आहे! अरे, त्या माणसाचे दोन मुलगे, लुईस आणि चार्ल्स, मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीत होते. ती पलटण भरायला तो स्वतः गावोगाव हिंडला होता.

आता येतो मुख्य मुद्द्यावर. पुतळा हलला कसा?

"झुंडीनं पाडला" असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नीट वाचावं. २०१५ मध्ये काळ्या नागरिकांच्या संघटनेनं काउंटीच्या कौन्सिलकडं मागणी केली. कौन्सिलनं पुतळा ठेवायचं ठरवलं. लोकांनी सोडलं नाही. सभा झाल्या, पत्रं गेली, मोर्चे निघाले. ऑगस्ट २०२० मध्ये पाच जणांच्या कौन्सिलमध्ये मतदान झालं, तीन विरुद्ध दोन, पुतळा राहिला. प्रकरण कोर्टात गेलं. सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा मतदान, पुन्हा तीन विरुद्ध दोन, पण या वेळी निकाल उलटा. १४ मार्च २०२२ ला पुतळा उचलला.

आणि उचलून काय केलं? वितळवला? गटारात टाकला? नाही. शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात क्रॉस कीज नावाचं त्याच युद्धातलं रणांगण जपून ठेवलंय, तिथं नेऊन उभा केला. आज ज्याला बघायचाय तो तिथं जाऊन बघू शकतो. पोरगा आहे, झेंडा आहे. कोर्टाची हिरवळ तेवढी मोकळी झाली. यात पुसला काय गेलं, मला कोणीतरी दाखवा.

उलट त्या सात वर्षांच्या भांडणात गावानं जेवढा इतिहास वाचला तेवढा आधीच्या शंभर वर्षांत वाचला नसेल. युनियनव्हिलचे अठरा जण या वादामुळंच पुन्हा वर्तमानपत्रात आले.

रात्री दोर लावून पुतळे पाडणं मला पटत नाही, हे स्पष्ट सांगतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅममध्ये ऑगस्ट २०१७ मध्ये लोकांनी दोर लावून असाच एक सैनिक खाली ओढला. तो पत्र्याच्या डब्यासारखा चेपला. तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलाय. पण त्याच्या आधीची गोष्ट कोणी सांगत नाही. त्या राज्यानं २०१५ मध्ये कायदा करून असे पुतळे हलवायचा स्थानिक संस्थांचा अधिकारच जवळपास काढून घेतला होता. ठरावाचं दार बंद केलं की लोक दोर शोधतात. ज्याला दोर नको असेल त्यानं दार उघडं ठेवावं. ईस्टननं ते ठेवलं, म्हणून तिथं क्रेन आली, जमाव आला नाही.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात जड मुद्दा घेतो. "आजच्या नजरेनं कालच्या माणसाला तोलू नका." मुद्दा हलका नाही. त्या ८४ मध्ये विशीतली पोरं असतील, मित्र गेला म्हणून गेलेले असतील. त्यांच्या घरच्यांनी त्यांची आठवण ठेवावी, कबरीवर फुलं वाहावीत, कोण नको म्हणतंय?

पण "त्या काळाची नजर" म्हणजे कोणाची नजर हो? मेरीलँडच्याच लोकांनी १८६४ मध्ये नवी राज्यघटना मतदानाला टाकली आणि गुलामी रद्द केली. ३७५ मतांनी मंजूर झाली. देशाच्या बाजूनं लढणाऱ्या सैनिकांची मतं आली म्हणून झाली. म्हणजे ती ८४ जणं समोरच्या बाजूला असतानाच त्यांच्या घरच्या राज्यानं निकाल दिला होता. युनियनव्हिलचे अठरा जण त्याच काळाचे होते. डग्लस त्याच काळाचा होता. त्यांची नजर ही काळाची नजर नव्हती का?

आणि आपल्या पुण्यात बसलेला एक माणूस हे सगळं बघत होता. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली. अर्पणपत्रिका कोणाला? काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना दास्यातून सोडवताना हा कित्ता गिरवावा, ही इच्छा त्यात आहे. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती. ना इंटरनेट, ना टीव्ही. पुण्यातल्या माणसाला १८७३ मध्ये कोणती बाजू न्यायाची ते कळलं, आणि आपल्याला आज म्हणायचंय की त्या काळात कोणाला कळत नव्हतं?

कोणी म्हणेल, आपला काय संबंध. संबंध आहे. युद्धामुळं अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून त्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडं धाव घेतली. खानदेश, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचं वेड लागलं. १८६५ मध्ये युद्ध थांबलं आणि सगळं धाडकन कोसळलं. भाव पडले, कर्ज राहिलं. १८७५ मध्ये पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. ते युद्ध आपल्या बांधापर्यंत येऊन गेलंय, मंडळी.

आता आपल्या गावाकडं. ही पोस्ट लिहायचं खरं कारण हेच आहे.

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या अनेक गावांत इंग्रजांनी पहिल्या महायुद्धानंतर बसवलेल्या पाट्या आहेत. या गावातून इतके जण महायुद्धात गेले, त्यातले इतके मेले. बस. आकडा आहे, नाव एकाचंही नाही. ईस्टननं एका बाजूची नावं कोरली आणि दुसरी बाजू गाळली. आपल्या साहेबानं माणसं मोजली आणि नावं गाळली. दोन्हीकडं दगड खोटं बोलत नाही, पण पूर्ण खरंही सांगत नाही. बरोबर ना?

आपल्या गावात शहीद स्मारकाचा विषय सध्या पुढं आलाय. चांगलं आहे. व्हायलाच हवं. दगडावर घ्यायच्या नावांची यादी फिरतेय, मी ती पाहिली. तिच्यात सैन्यातली नावं आहेत. सीआरपीएफ आणि सीमा सुरक्षा दलात गेलेली नाहीत. वरच्या वस्तीतली दोन कुटुंबं मला माहीत आहेत, त्यांना कोणी विचारलेलंही नाही. महायुद्धात गेलेल्यांचा तर विषयच नाही. यादी कोणी केली, असं विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो. मात्र कोनशिलेवर उद्घाटक, प्रमुख पाहुणे आणि विशेष उपस्थिती यांची नावं कोणत्या क्रमानं यावीत, यावर दोन बैठका झाल्यात!

कोणाच्या मनात पाप आहे, असं मी म्हणत नाही. ईस्टनमध्येही प्रत्येक वर्गणीदाराच्या मनात पाप असेल असं नाही. पण वगळायला पाप लागतं कुठं? कोणीच विचारलं नाही की वगळणं आपोआप होतं. आणि एकदा दगडात गेलं की शंभर वर्षं जातं. मग नातवंडांना क्रेन आणावी लागते.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. हवेत बोलत नाही, लेखी देतोय.

एक. यादी अंतिम करण्याआधी महिनाभर पालिकेच्या फलकावर आणि चौकात लावा. हरकती घ्या. मतदार यादीवर हरकत घेता येते, मग शहिदांच्या यादीवर का नको?

दोन. सैन्य, निमलष्करी दल, पोलीस, कर्तव्यावर गेलेला प्रत्येक जण एकाच दगडावर, एकाच आकाराच्या अक्षरात. आधी-नंतर करायचं असेल तर मृत्यूच्या तारखेनं करा. हुद्द्यानं नको, आडनावानं तर नकोच.

तीन. उद्घाटकाचं नाव स्मारकाच्या दगडावर नको. हवं असेल तर बाजूच्या भिंतीवर लावा. त्याला ना नाही.

पंचायत समित्यांच्या आवारात स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षातले, १९७२ चे स्तंभ आहेत. कधी जवळ जाऊन त्यावरची नावं वाचलीत? बाया किती आहेत ते मोजा. भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, घराची झडती सोसणाऱ्या बाया प्रत्येक तालुक्यात होत्या. मोजा आणि मग मला सांगा की दगडावर असतो तेवढाच इतिहास असतो.

स्मारकाला माझा विरोध आहे अशी आवई उद्या उठेल, मला माहीत आहे. उठू द्या. स्मारकावर माझ्याइतकं प्रेम असणारे यादी उघड करायला घाबरणार नाहीत.

आता तुमचं काम. तुमच्या घरातला, भावकीतला, गल्लीतला, वस्तीवरचा कोणी फौजेत, दलात, पोलिसात कर्तव्यावर गेला असेल, अगदी पणजोबाच्या काळात महायुद्धाला जाऊन परत आला नसेल, तर त्याचं नाव, गाव, पलटण आणि साल मला कळवा. पेन्शनचा कागद, जुनं पदक, पत्र, फोटो, जे असेल ते घेऊन या. काहीच नसेल तर आजीला काय आठवतं ते लिहून आणा. मी सगळं जुळवून पुढच्या सर्वसाधारण सभेआधी लेखी अर्जासोबत देणार आहे. पोचपावती इथंच टाकेन.

नावं दगडात जायच्या आधी जेवढी सापडतील तेवढी हवीत.